नकाशात नसलेला पोटमाळा

श्री
दुबई,
१५ फेब्रुवारी २००८

ती. ताईस,
सदानंदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इथे पोस्टमन घरी येत नाही हे दहादा सांगूनही तू पाकिटावर बिल्डिंगचं नाव, मजला, फ्लॅट आणि वर लिफ्टच्या डाव्या हाताला असं सगळं लिहितेस. अगं, इथे सगळ्यांचं टपाल ऑफिसच्या पेटीत येतं. रिसेप्शनवरच्या मुलीनं मला त्याचा अर्थ विचारला आणि आख्खं ऑफिस हसलं. तुझ्या कानांपुढे फोन बाद, म्हणून आपली पत्रं चालू. पण पत्ता तेवढा पेटीच्या नंबरचा घाल.

बातमी अशी की तुझ्या भावाला राजवाडा बांधायला मिळाला आहे. थट्टा नाही. क्लायंट आपलेच, दादरचे धनंजय कारखानीस. स्टीलच्या ट्रेडिंगमध्ये आले, आता जमिनी घेतात नि विकतात. मागच्या वर्षी बायकोला घेऊन इटलीला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांना पॅलेस हवा आहे. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, खाली फ्लोरेन्स, मध्ये व्हेनिस आणि वर रोमचा घुमट. मी सांगून पाहिलं की साहेब, ही तिन्ही शहरं एकमेकांची वैरी होती. तर म्हणाले, हबीबी, दुबईत सगळे एकत्र राहतात. आता बोल!

घुमट मी कसाबसा रद्द करवला. बाकी मात्र तू वर्गात दाखवायचीस तसं केलं आहे: मध्ये चौक, चारी बाजूंनी खांबांची पडवी, तळमजला खडबडीत दगडाचा, वरचा गुळगुळीत. दगड अर्थात खरे नाहीत, इथल्या इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सिमेंटचे ओतून येतात. पण लांबून तुलाही कळायचं नाही. नकाशे सोबत पाठवतो. इतकी वर्षं कॉलेजात आर्किटेक्चरचा इतिहास शिकवलास, आता रिटायर होऊन रत्नागिरीत नुसती बसू नकोस, लाल पेन्सिल काढ.

ईश्वरीचा नमस्कार. वेदांगला म्हटलं आत्याला काहीतरी लिही, तर ‘टेल हर हाय’ म्हणून पळाला.

कान उपट, पण माया पातळ करू नकोस.
तुझा,
सदा

श्री
रत्नागिरी,
३ मार्च २००८

चि. सदानंद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नकाशे पाहिले आणि पेन्सिलीला दोनदा टोक काढावं लागलं. अरे शहाण्या, व्हेनिसच्या घराला पुढच्या बाजूला एवढ्या कमानी का, तर दारात पाणी, उजेड तेवढाच एका बाजूनं. तुझ्या दारात काय आहे? गाड्यांचा रस्ता! बरं, राहू दे, हौस त्यांची. चौक मात्र चांगला उतरला आहे. खाली व्यवहार, वर कुटुंब, आणि कुटुंबाचा मजला सगळ्यात उंच, हेही बरोबर धरलंस. पडवीचे खांबही अंगासरसे आहेत, उगाच ढेरपोटे नाहीत.

पण एका जागी तू नापास. इटलीच्या वाड्यात बोळ नसतो. खोलीतून खोली, दारासमोर दार, असं पार टोकापर्यंत. ते तू केलंस. मग चहाचा ट्रे घेऊन नोकर कुणाच्या निजायच्या खोलीतून जाणार? म्हणून तर ते लोक दोन मजल्यांच्या मध्ये बुटका पोटमाळा काढत. भिंतीच्या पोटातून अरुंद जिना, आणि खिडक्या म्हणजे नक्षीच्या पट्ट्यातली वाटोळी भोकं. बाहेरून बघणारा दोन मजले मोजतो, राहणारे तीन मजल्यांत राहतात. सगळी गंमत त्यात आहे! आणि तू नोकरांना मागे कुंपणाशी पत्र्याच्या खोल्या दिल्यास. त्याला बंगला म्हणतात. वाडा म्हणायचा तर पोटमाळा काढ, नाहीतर माझं नाव सांगू नकोस.

मरियमबी शेजारीच उभी होती. माझ्याकडे स्वयंपाकाला येते ती, मिरकरवाड्यातली. तुला आठवत असेल, तू सुट्टीत आलास की तिच्या हातच्या सुरमईवर तुटून पडायचास. तिनं नकाशा उलटा धरून पाहिला आणि विचारलं की एवढ्या मोठ्या अंगणात सुके बोंबील कुठे वाळवणार. तिलाही उत्तर कळव.

तब्येत सांभाळ, उन्हात डोकं उघडं टाकून हिंडू नकोस.
तुझी,
ताई

श्री
दुबई,
२१ सप्टेंबर २००८

ती. ताईस,
सदानंदचा शि. सा. न. वि. वि.

बाईसाहेब, पोटमाळा झाला! तुझं पत्र मी मिसेस कारखानीसांना, म्हणजे दर्शनावहिनींना, वाचून दाखवलं. त्यांना नोकर डोळ्यांसमोर नकोच होते, त्या खूष. जेवणाच्या दालनात भिंतीला लाकडी तावदानं लावली आहेत, त्यातलं एक म्हणजे दार. कडी नाही, मूठ नाही, दाबलं की दालनाकडे उघडतं. आत गोल जिना, वर दोन खोल्या, न्हाणीघर, पाण्याची टाकी. बाहेरच्या नक्षीच्या पट्ट्यात वाटोळ्या खिडक्यांची रांग आहे, बाकी सगळ्या खोट्या, एकच खरी. कुठली ते मलाही शोधावं लागतं.

एक अडचण होती. एवढ्या बुटक्या खोल्या इथल्या नियमात राहण्यासाठी बसत नाहीत, आणि मजलाही एक जास्त होतो. तेव्हा मंजुरीच्या नकाशात ती जागा एसीच्या पाइपांची म्हणून दाखवली आहे. सही माझी. असं सगळेच करतात गं, तू लगेच भुवया उंचावू नकोस.

आता तुझ्याकडे मागणं. वहिनींना मालवणी हाताची बाई हवी आहे, घरातच राहणारी. मरियमबी येईल का? तू तिच्या लेकीच्या, बिलकीसच्या नर्सिंगच्या फीची काळजी करतेस, ती मिटेल. व्हिसा, तिकीट सगळं ते बघतील. माणसं चांगली आहेत, आणि मी आहेच.

अमेरिकेत कुठलीशी मोठी बँक बुडाली म्हणून ऑफिसात दोन दिवस चर्चा होती. इथे काही परिणाम नाही. माझ्या खिडकीतून क्रेन मोजायला घेतल्या तर वेदांगचा होमवर्क बुडेल.

तुझ्या पासाच्या शेऱ्याची वाट पाहतो.
तुझा,
सदा

श्री
रत्नागिरी,
१६ नोव्हेंबर २००८

चि. सदानंद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मरियमबी गुरुवारच्या विमानानं येते आहे. यायला तयार नव्हती. मीच तिला बसवून समजावलं, की परकं घर नाही, आपल्या सदानं बांधलेलं आहे आणि तुझी खोली मी सांगून काढवून घेतली आहे. तेव्हा कुठे हसली. बिलकीस रडरड रडली. ती आता माझ्याकडेच राहील. आईनं दर शुक्रवारी नमाजानंतर फोन करायचा असं दोघींचं ठरलं आहे.

पास केलं तुला. पण त्या नकाशाच्या सहीचं मला आवडलेलं नाही. आणि त्या खोलीत हवा कशी येते ते तू लिहिलं नाहीस. बाई ठेंगणी आहे म्हणून डोकं तरी आपटणार नाही. विमानतळावर तू स्वतः जा, ड्रायव्हरला पाठवू नकोस. ती मालकांना घाबरते, कुणी काही सांगितलं की तंतोतंत पाळते, तेव्हा तिला काय सांगितलं जातं तिकडे कान ठेव. तुझे कान अजून चांगले आहेत.

तिच्या पिशवीत तुझ्यासाठी आमसुलं आणि तिरफळं आहेत. वहिनींना देऊन टाकू नकोस.
तुझी,
ताई

श्री
शारजा,
१३ मार्च २००९

ती. ताईस,
सदानंदचा शि. सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. ऑफिस बंद झालं. जानेवारीत निम्मे गेले, फेब्रुवारीत आम्ही उरलेले. सकाळी मीटिंगला बोलावलं आणि दुपारी खलास. फोन कंपनीचा होता, तोही टेबलावर ठेवून आलो. ईश्वरी आणि वेदांगला पुण्याला तिच्या माहेरी पाठवलं, हे तुला कळलंच असेल. मी इथे रोल्ला भागात एका खोलीत तिघांबरोबर राहतो. खाली किराणा दुकान आहे, पत्रं त्या दुकानाच्या पेटीवर पाठव. ईश्वरीला दर शुक्रवारी बूथवरून फोन करतो.

सगळंच थांबलं आहे गं. क्रेन आहेत तिथेच उभ्या आहेत, वर माणूस नाही. विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या सोडून जाताहेत. ज्यांनी परवापर्यंत मला यल्ला यल्ला, लवकर लवकर करून झोपू दिलं नाही, ते ओळख दाखवत नाहीत.

एकच आशा आहे. अल ऐनमध्ये एक कन्सल्टंट मला घ्यायला तयार आहेत. कागद वर गेले आहेत, मेच्या सुरुवातीला होईल म्हणाले, इन्शाल्ला. ते झालं तर ईश्वरी आणि वेदांग परत येतील. नाही झालं तर माझा व्हिसा संपतो.

मरियमबी ठीक आहे. मागच्या आठवड्यात भेटलो. कारखानीस मंडळी लग्नासाठी म्हणून मुंबईला गेली आहेत, घर तिच्यावर टाकून. दोन आठवड्यांत येतो म्हणाले. तिला सांगून गेलेत की कुणी आलं तर दार उघडायचं नाही, वर जाऊन गप्प बसायचं. तिचा पासपोर्ट त्यांच्याकडेच आहे. इथे तशीच पद्धत आहे, काळजी करू नकोस.

तुझ्या चार ओळी आल्या तर बरं वाटेल.
सदा

श्री
रत्नागिरी,
२० एप्रिल २००९

चि. सदानंद यास,
आशीर्वाद.

हे पत्र मुंबईहून निघणाऱ्या माणसाच्या हाती देते आहे, कारण पोस्टाच्या भरवशावर राहायला वेळ नाही. मरियमबीचा फोन आला नाही. पाच महिन्यांत एक शुक्रवार चुकला नव्हता. हा चुकला. बिलकीसनं तेव्हापासून सारखा लावून पाहिला, तर बंद. कारखानिसांचा मुंबईतला नंबर कुणी उचलत नाही. बिलकीस कलेक्टर कचेरीत जाऊन आली, तिथे आईचा पासपोर्ट नंबर मागितला. तो हिच्याकडे कुठून असणार?

या आधी ती सांगत होती की साहेब परत आलेच नाहीत, घरात शिधा कमी होत चालला आहे, पण बाहेर जायला भीती वाटते. मी तुला लिहायला हवं होतं. तू नोकरीच्या विवंचनेत म्हणून लिहिलं नाही. चुकलं माझं.

उठ आणि त्या घरी जा. तिला बघ, आपल्या डोळ्यांनी बघ आणि मगच मला लिही. बिलकीस जेवत नाही रे. मी तिला सांगितलंय की सदा गेला की सगळं ठीक होईल.

ताई

श्री
शारजा,
२५ एप्रिल २००९

ती. ताईस,
सदानंदचा शि. सा. न. वि. वि.

काल शुक्रवारी जाऊन आलो. घर बंद आहे. कारखानीस परत येणारच नाहीत, पळाले. बँकेनं घर ताब्यात घेतलं आहे, दाराला सील आहे, वीज तोडली आहे. गेटवर जहूर नावाचा पहारेकरी बसवला आहे, स्वभावानं बरा. त्यानं चहा दिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बँकेची माणसं नकाशा हातात घेऊन खालपासून वरपर्यंत प्रत्येक खोली बघून गेली, आत कुणी नव्हतं. सगळं फर्निचर लिलावासाठी जेवणाच्या दालनात भिंतीला लावून ठेवलं आणि कुलूप घातलं. तेव्हापासून तो तिथेच आहे, आतून काही आवाज नाही.

तेव्हा मला वाटतं मरियमबी आधीच निघाली असणार. इथे अशा बायका एकमेकींच्या ओळखीनं दुसऱ्या घरी कामाला जातात. फोनचं कार्ड संपलं असेल. एक-दोन दिवसांत तिचाच फोन येईल बघ. बिलकीसला धीर दे.

गेटाबाहेर उभा राहून थोडा वेळ घर बघत होतो. ऊन उतरत होतं आणि वरच्या छज्ज्याची सावली बरोबर नक्षीच्या पट्ट्याच्या काठापर्यंत पडली होती. वाटोळ्या खिडक्यांची सगळी रांग चमकत होती. ताई, खरंच सुंदर झालं आहे गं. वाईट वाटलं.

अल ऐनचं बहुतेक पुढच्या आठवड्यात नक्की होईल. एवढं पार पडू दे.
सदा

श्री
रत्नागिरी,
२९ एप्रिल २००९

सदानंद,

तुझं कुरियरनं आलेलं पत्र वाचलं. सावली कुठे पडली ते वाचलं. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

बँकेच्या माणसांनी नकाशा हातात घेऊन घर पाहिलं. कुठला नकाशा? तुझ्या सहीचा ना? त्यात ती खोली आहे का? त्यांनी दोन मजले पाहिले. तिथे तीन आहेत हे या जगात कुणाला माहीत आहे? पळून गेलेल्या नवराबायकोला, तुला आणि मला. मालकांनी तिला सांगितलं होतं, कुणी आलं तर वर जाऊन गप्प बस. ती तेच करणार. आणि फर्निचर भिंतीला लावलं म्हणतोस. कुठल्या भिंतीला? दार दालनाकडे उघडतं असं तूच मला कौतुकानं लिहिलं होतंस.

तुला हे कळलं नाही असं मी मानत नाही. गेटाशी उभं राहून तुला कळलं. तुला सहीची भीती वाटली. अल ऐनची नोकरी जाईल, परवाना जाईल, कदाचित तुरुंगात घालतील. घालतील! मी काय ते समजत नाही? ईश्वरीचं आणि वेदांगचं मला वाईट वाटत नाही असं वाटतं तुला? पण आत बाई आहे रे. मी समजूत घालून पाठवलेली बाई आहे.

पोटमाळा मी मागितला. स्लाइडवर बघून मागितला, कधी तिथे राहिलेल्या माणसाचा विचार केला नाही. हे मी माझ्या जिवाला सांगते आहे, तुझी सुटका म्हणून नाही.

ईश्वरीकडेही निरोप दिला आहे, ती शुक्रवारी फोनवर सांगेल. पत्र कुरियरनं येईल. मिळताक्षणी बँकेत जा आणि भिंतीमागे दार आहे म्हणून सांग. मंगळवारपर्यंत कळलं नाही तर मी वकिलातीला तुझ्या नावानिशी लिहीन. भाऊ म्हणून थांबणार नाही.

सुचित्रा

श्री
शारजा,
१० मे २००९

ती. ताईस,
नमस्कार.

मरियमबी सापडली. जिवंत आहे. हे आधी लिहितो.

ईश्वरीनं एक तारखेला फोनवर तुझा निरोप वाचला. मी लाइन खराब आहे म्हणून ठेवून दिला. तुझं पत्र तीन तारखेला मिळालं. अल ऐनवाल्यांनी पाच तारखेला सहीला बोलावलं होतं. मी पाचला तिथे गेलो, सही केली. परत येताना बसमध्ये मला धड बसवेना. सहा तारखेला सकाळी बँकेत गेलो.

तिथल्या अधिकाऱ्याला आधी कळेचना. मी त्याच्या टेबलावर कागद घेऊन घर काढून दाखवलं, दोन मजले, आणि मध्ये रेघ मारली. त्यानं फोन उचलला. पोलीस आले. दालनात सोफे, कपाटं, संगमरवरी टेबल, सगळं त्या तावदानावर रचलेलं होतं. ते हलवायला माणसं कमी पडली म्हणून जहूरनंही हात लावला. दार उघडल्यावर जो वास आला तो लिहीत नाही.

ती न्हाणीघरात फरशीवर होती. अंगावर ओली चादर होती, ती वाळून कडक झाली होती. टाकीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. खजुराचा रिकामा डबा होता. फोन तिनं खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, माणसं आली तेव्हा तो घ्यायला वेळ मिळाला नसावा. तावदानाला आतून सगळीकडे ओरखडे आहेत. 

तिला बोलता येत नव्हतं. स्ट्रेचरवरून नेताना तिनं माझा हात धरला आणि डोळ्यांना लावला. का ते मला कळलं नाही. मला तो हात काढून घ्यावासा वाटत होता. हॉस्पिटलमध्ये सांगतात की मूत्रपिंडं फार बिघडली आहेत. थोडी सावरली की वकिलातीतर्फे घरी पाठवतील.

माझा पासपोर्ट पोलिसांनी घेतला. बेकायदा मजला आणि खोटा नकाशा, दोन्ही मी कबूल केलं. केस उभी राहील. अल ऐनचा निरोप आला, ते होणार नाही. ईश्वरीला मी फोनवर सांगितलं.

मी त्या शुक्रवारीच बोललो असतो तर... ताई, तू मला काय म्हणशील ते म्हण.
सदा

श्री
रत्नागिरी,
२३ ऑगस्ट २००९

सदानंद,

मरियमबी चौदा तारखेला, शुक्रवारी गेली. कळवायला हवं म्हणून लिहिते.

जूनमध्ये आली तेव्हा विमानातून चाकाच्या खुर्चीवरून उतरवली. मग कोल्हापूरच्या खेपा, यंत्रावर रक्त धुणं, सुजलेले पाय. बिलकीसनं एवढं केलं, की तिच्या शिकण्याचा उपयोग आधी आईलाच झाला. मला वाटत होतं हिवाळा काढेल. नाही काढला.

तिचा आवाज जुलैत परत आला. त्यानंतर भेटायला येईल त्याला ती एकच हकीकत सांगत होती. मिरकरवाड्यात तुझं नाव घरोघर झालं आहे. ती त्या वाटोळ्या खिडकीशी उभी होती. काच उघडत नाही, खाली आवाज जात नाही, हात आपटून मनगटं सुजली होती. मरायचं असं तिनं ठरवून टाकलं होतं म्हणे, कारण आता कुणी येणार नव्हतं. आणि त्या शुक्रवारी गेटावर तू दिसलास. तू वर बघितलंस. बराच वेळ बघत राहिलास, नेमकं तिच्याच खिडकीकडे, आणि मग वळून झपाझप चालत गेलास. तिची खात्री पटली. भाऊंनी आपल्याला बघितलं, भाऊ माणसं आणायला गेले. त्या दिवसापासून तिनं दार खरवडणं थांबवलं, ताकद राखली, खजूर अर्धा अर्धा खाल्ला, पाणी ओंजळीनं मोजून प्यायली. भाऊ येणार आणि त्यांना आपण जिवंत सापडायला हवं, नाहीतर त्यांना किती वाईट वाटेल, असं तिच्या मनात होतं. तिनं तुझा हात डोळ्यांना लावला तो त्यासाठी.

ती हे सांगत होती तेव्हा तुझं पंचवीस एप्रिलचं पत्र त्याच खोलीत माझ्या कपाटात होतं.

एकदा तिनं मला विचारलं की भाऊंना माणसं आणायला इतके दिवस का लागले, कुणी अडवलं का. मी हो म्हणाले. सरकारी कामं, कागद, परवानग्या, असं काहीतरी सांगितलं. तिनं खरं मानलं आणि तिला तुझी दया आली. बिचारे किती धावले असतील, म्हणाली. माझ्या तोंडावर म्हणाली आणि मी ऐकून घेतलं. तुझी केस सुटावी म्हणून ती अखेरपर्यंत दुवा मागत होती. आता बिलकीस मागते.

मातीनंतर बिलकीसनं तुझा पत्ता मागितला, आभार मानायचे म्हणून. मी दिला. तिनं पत्र टाकलं आहे, तुला लवकरच मिळेल. ते टाकून ती आली आणि मग माझ्यानं राहवेना. मी तिला माझ्या वाट्याचं सांगून टाकलं, की ती खोली नकाशात नव्हती, ती मी हौसेनं काढायला लावली आणि तिच्या आईला मीच समजावून तिथे धाडलं.  तिनं चहाचे कप विसळून पालथे घातले, आपले कपडे पिशवीत भरले आणि मामाकडे राहायला गेली. त्यानंतर आलेली नाही. बोलवायला जायची मला हिंमत होत नाही.

तुझ्या वाट्याचं मी सांगितलेलं नाही. तिच्या पत्राला उत्तर लिहिशील तेव्हा ते तू लिही.

सुचित्रा